सूर-सोबत : आठ बारांचा मान



या खेपेला उंटरश्लाइसहाइमच्या एका भगिनींचं पत्र हातात आहे. चिरंजीव गिम्नाझियमच्या दहावीत, आपल्या मुलांच्या बँडमध्ये बास गिटार वाजवतात. दिवाळीच्या कार्यक्रमात त्याला गाण्याच्या मध्ये आठ बार एकट्याने वाजवायला मिळाले होते. महिनाभर तयारी केली, पण पहिल्या रांगेतल्या आजीलासुद्धा काही ऐकू आलं नाही! आता तो म्हणतो, "बॅटरीवाली गिटार घेऊन द्या, नाहीतर मी बँड सोडतो." बाबा म्हणतात, "सोड." आई विचारते, खरं काय करावं?

ताई, दोन्ही नको. गिटार चांगली आहे. तिच्याकडून काम कसं घ्यायचं, तेवढं शिकायचं आहे.

मुलाकडे आहे ती 'पॅसिव्ह' बास. म्हणजे लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेची वेटोळी यांचे पिकअप, आणि पुढे व्हॉल्यूम-टोनची बटणं. बॅटरी नाही. त्यामुळे ही बटणं आवाज फक्त कमी करू शकतात, वाढवू शकत नाहीत. आडात असेल तेवढंच पोहऱ्यात येणार. सगळं गाणं बटण १० वर ठेवून वाजवलं, तर सोलोच्या वेळी वर जायला जागाच उरत नाही. बहुतेक मुलांचं इथेच अडतं.

तेव्हा क्रम उलटा करायचा. आधी गिटारचं बटण पूर्ण उघडून, सोलोला हवा तेवढा आवाज अ‍ॅम्पवर लावून घ्यायचा. मग गिटारवर ७-८ पर्यंत खाली यायचं आणि साथ त्यावर करायची. आकड्यावर फार विसंबू नये, प्रत्येक गिटारचं बटण निराळं वागतं, कानाने ठरवावं. यात आणखी एक फायदा आहे. पॅसिव्ह गिटारचा व्हॉल्यूम थोडा उतरवला की लांब केबलमुळे आवाजातली धारही किंचित बोथट होते. साथीला ते चालतं. सोलोला बटण उघडलं की आवाज आणि धार दोन्ही एकदम परत येतात.

आता टोन. बासची सर्वांत जाड तार, खालचा 'ई', सुमारे ४१ हर्ट्झची. इतक्या खर्जात आपला कान मंद असतो. त्यातच तबल्याचा बायाँ आणि कीबोर्डवाल्याचा डावा हात याच भागात घुमत असतात. म्हणून सोलो ऐकू येतो तो खर्जामुळे नाही, मधल्या पट्टीमुळे. साथीला टोन निम्म्यावर असेल तर सोलोला उघडावा; फ्रेटवर तारेची खटखट होऊ लागली की थोडा मागे घ्यावा. दोन पिकअप असतील, तर मानेकडचा जरासा उतरवून ब्रिजकडचा पुढे आणावा. जॅको पॅस्टोरियसचा तो प्रसिद्ध, नाकात बोलल्यासारखा स्वच्छ सूर ब्रिजकडच्या पिकअपचाच. पण मानेकडचा अगदी बंद करू नये. जॅझ बासच्या जातीच्या गिटारांत दोन्ही पिकअप सारखे उघडे असले की गुणगुण एकमेकांत विरते. एकच उरला की हॉलमधल्या दिव्यांची घरघर ऐकू येऊ लागते.

बोटांचंही काम आहे. छेड ब्रिजच्या जवळ घ्यावी आणि सोलो बारीक तारेवर वर न्यावा. 'जी' ची मोकळी तार ९८ हर्ट्झची, बाराव्या फ्रेटवर ती १९६ होते. तिथे बास गायकासारखी गाऊ लागते.

नवी गिटार मागणाऱ्या चिरंजीवांना एक गोष्ट सांगा. न्यूर्नबर्गच्या पुढे, एर्लांगेनला लागून बुबेनरॉइथ नावाचं गाव आहे. तिथल्या होफ्नर कारखान्याने १९५६ साली व्हायोलिनच्या आकाराची ५००/१ ही बास आणली. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये हाम्बुर्गला घेतली ती हीच. तीही पॅसिव्ह. तिच्या पुढच्या काळातल्या नमुन्यांवर 'रिदम' आणि 'सोलो' असा एक खटकाच आहे. 'रिदम'वर आवाज कमी होतो, 'सोलो'वर पूर्ण सुटतो. म्हणजे वर सांगितलं तेच: आधी राखून ठेवायचं, वेळ आली की सोडायचं.

सराव घरी करताना रात्री दहाची रूहेत्साइट पाळावीच. खर्ज भिंतीतून शेजाऱ्याकडे आधी पोचतो. हेडफोन लावावा, मात्र हेडफोनवरचा आवाज खरा मानू नये. तिथे बास भरदार वाटते आणि हॉलमध्ये गायब होते. कार्यक्रमाच्या दिवशी कुणाला तरी मागच्या रांगेत उभं करून साथ आणि सोलो दोन्ही ऐकवावेत. बटण फिरवण्याचाही सराव हवा. सोलोच्या आधी एक लांब सूर धरला की उजवा हात मोकळा होतो. एवढं करूनही कमी पडलं, तर एक साधं बूस्टर पेडल घ्या. गिटारपेक्षा पुष्कळ स्वस्तात काम होईल.

आता थोडं आम्हा वडीलधाऱ्यांसाठी. आपल्याकडे तबल्याचा सोलो असतो तेव्हा पेटीवाला काय करतो? एकच लेहरा हळू आवाजात धरून बसतो. मधेच ताना घेत नाही. मग तबल्याचा प्रत्येक बोल ऐकू येतो. आपल्या बँडमध्ये मात्र मुलाचे आठ बार आले की कीबोर्डवाले काका दोन्ही हातांनी सुरूच, गिटारवाले दादा सुरूच, वर ढोलकीही. कितीही महागाची गिटार आणली तरी त्या गर्दीत ती बुडणारच. त्या आठ बारांत कीबोर्डचा डावा हात उचला, गिटार थांबवा, ढोलकी नुसती टिचकीवर ठेवा.

इथे वाढलेली मुलं आपल्या मंडळात टिकत नाहीत, ही तक्रार दर सभेत होते. हा मुलगा आपण होऊन आपल्या रंगमंचावर आला आहे आणि मागतो आहे फक्त आठ बार. तेवढ्यापुरतं आपण गप्प बसायला काय हरकत आहे?

ताई, पाडव्याच्या कार्यक्रमात पुन्हा त्याच गिटारवर वाजवू दे, आणि आजीला ऐकू आलं का, ते जरूर कळवा. पुढच्या अंकात तंबोऱ्याची जवारी आणि इथली कोरडी हिवाळी हवा यांविषयी बोलू. लोभ आहेच, तो वाढावा.