पत्त्याचे गणित

संगमनेर महसुली दृष्ट्या अहिल्यानगर जिल्ह्यात मोडते. परंतु त्याचा पिन क्रमांक ४२२६०५ असून पहिले तीन अंक नाशिकचे आहेत. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. पत्ता म्हणजे केवळ ठिकाणाचे नाव नव्हे, तर तेथवर पोचण्याच्या वाटेची सूचना, हे तिचे मर्म होय. कोलकात्याच्या टपाल कर्मचाऱ्याला संगमनेरच्या पेठा ठाऊक असण्याची गरज नाही. आरंभीचे अंक पाहून त्याने थैली योग्य दिशेस लावली की पुरे.

संगणकांच्या जाळ्यातही हेच तत्त्व आहे. १९८१ मध्ये निश्चित झालेल्या आयपी पत्त्यात ३२ बिट असतात. आरंभीचे बिट जाळे दाखवतात, उरलेले यंत्र; त्यांची सीमा सबनेट मास्क ठरवतो. राउटर आपल्या तक्त्यातील सर्वांत जास्त जुळणारी नोंद पाहून माहितीचे पाकीट पुढच्या टप्प्याकडे सोपवतो.

हे गणित न शिकवता केवळ आज्ञावली पाठ करून घेणे, ही तंत्रशिक्षणाची शोकांतिका म्हणावी लागेल. एखाद्या संस्थेने २५६ पत्ते चार विभागांत वाटले, तर प्रत्येकास ६४ येतात. त्यांतील दोन राखीव, म्हणजे ६२ यंत्रांची सोय होते. एका यंत्रावर २५५.२५५.२५५.१९२ ऐवजी २५५.२५५.२५५.० हा मास्क पडला, की ते शेजारच्या विभागालाही आपल्याच घरातला समजते व त्याचे टपाल राउटरकडे देतच नाही. इंटरनेट चालते, पण पलीकडच्या खोलीतला प्रिंटर सापडत नाही! पाठांतर केलेला तंत्रज्ञ मग तारा बदलतो, आणि संस्थेचा पैसा व दिवस वाया जातो.

संगमनेरात १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. शाळा, पतसंस्था व कचेऱ्या यांचा कारभार आज संगणकांवर चालतो. त्यांचे जाळे सांभाळणारे हात येथेच घडावयास हवेत. त्यासाठी महागडी यंत्रसामग्री आधी लागत नाही. कागद, पेन्सिल आणि द्विमान गणिताची तयारी लागते. ३२ बिटांचे सुमारे ४२९ कोटी पत्ते अपुरे पडल्याने १२८ बिटांची नवी पद्धत आली आहे. उद्या आज्ञा बदलतील, यंत्रे बदलतील. पत्त्यातून वाट वाचण्याची विद्या मात्र जुनी होणार नाही.