पाऊस, बेसबॉल आणि बेरीज

नोव्हेंबर २०१६. मी शिकागोत मुलीकडे होतो. आभाळ कुंद. २ तारखेच्या निर्णायक सामन्यात पावसानं १७ मिनिटं खेळ थांबवला. मग दहाव्या इनिंगमध्ये शिकागोचा ‘कब्ज’ संघ ८-७नं जिंकला. १०८ वर्षांनी विजेतेपद! जावई अक्षरशः रडला.

सहा दिवसांनी निवडणूक. मुलीचं पहिलंच मत. हिलरींना सुमारे २८ लाख मतं जास्त, अध्यक्ष मात्र ट्रम्प! ५३८ निर्वाचकांतले २७० मिळाले की झालं. बँकेत आयुष्य काढलेल्या मला ही बेरीज पटेना.

जावई म्हणाला, “बाबा, मालिकेत दोन्ही संघांच्या धावा सत्तावीसच. मोजतात ते सामने.”

खरंय. पण धावेमागे माणूस रांगेत उभा नसतो. मुलगी खिडकीबाहेर बघत होती. पाऊस थांबला नव्हता.