म्युस्कादे आणि कालवे : एका 'सनातन' जोडीचा बनाव

१/ फ्रान्सच्या पश्चिमेस, लुआर नदी समुद्राला मिळते त्या नांत शहराच्या परिसरात म्युस्कादे नावाची पांढरी वाइन होते. रंगाने फिकट, चवीने कोरडी आणि आंबटसर, मद्यार्क बेताचा. तिच्याबरोबर कच्ची कालवे खावीत, हा संकेत जगभर रूढ आहे. संकेताविषयी तक्रार नाही.

२/ तक्रार आहे ती त्याला चिकटवलेल्या कथेविषयी. एकाच वाऱ्यात जे वाढले ते एकाच ताटात शोभते. कोळी आणि मळेवाले शतकानुशतकांचे शेजारी. सबब ही जोडी निसर्गानेच जुळवली, अशी ती कथा. ऐकायला गोड आणि जवळपास प्रत्येक दुव्यावर चुकीची.

३/ प्रथम द्राक्ष. या वाणाचे नावच 'मेलों द बुर्गोन्य', म्हणजे बर्गंडीचा मेलों. बर्गंडी फ्रान्सच्या पूर्व भागात, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने त्याचे आईबापही दाखवून दिले : पिनो आणि गुए ब्लां. शार्दोने हे त्याचे सख्खे भावंड. ज्याला समुद्राचा पुत्र म्हणून मिरवले जाते, तो स्थलांतरित आहे.

४/ तो इथे रुजला कशामुळे? कालवांमुळे नव्हे. सतराव्या शतकात नांतमध्ये डच व्यापाऱ्यांचा मोठा वावर होता. त्यांना भट्टीसाठी स्वस्त पांढरी वाइन हवी होती. 'जाळलेली वाइन' या अर्थाच्या डच शब्दावरूनच ब्रँडी हे नाव आले. भट्टीत जाणाऱ्या वाइनला सुगंधाची गरज नसते. आंबटपणा आणि मुबलकता पुरते. पुढे १७०९ च्या भीषण हिवाळ्यात वेली मोठ्या प्रमाणावर मेल्या आणि नव्या लागवडीत थंडीला टिकणारा मेलों पसरला. आज ज्या साधेपणाचे 'सागरी शुचिता' म्हणून कौतुक होते, तो मुळात भट्टीवाल्यांच्या हिशेबाला सोयीचा गुण होता.

५/ आणि ही ब्रँडीची बाजारपेठ कोणत्या बंदरातली, हे कथाकार सहसा सांगत नाहीत. अठराव्या शतकात नांत हे फ्रान्सचे सर्वांत मोठे गुलामव्यापारी बंदर होते. फ्रेंच गुलामवाहू सफरींपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक सफरी इथून निघाल्या. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसे विकत घेताना कापड आणि बंदुकांबरोबर ब्रँडीही मोबदल्यात दिली जाई. लुआरच्या काठी २०१२ पासून या व्यापाराचे स्मारक उभे आहे. 'कोळी आणि मळेवाला' एवढीच दोन पात्रे असलेल्या कथेत त्या जहाजांच्या तळाशी कोंबलेल्या माणसांना जागा नाही. निसर्गाच्या नावाने सांगितलेला इतिहास असाच असतो : त्यात पाऊस असतो, माती असते, खरेदीदार मात्र नसतो.

६/ आता कालवे. फ्रान्सचे मूळ कालव चपटे. अतिउपशाने त्याच्या खाणी ओस पडू लागल्या, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तिसऱ्या नेपोलियनच्या आश्रयाने व्हिक्तोर कोस्त याने कालवशेतीचे प्रयोग केले. १८६८ मध्ये 'मोर्लेझियँ' नावाचे जहाज पोर्तुगालहून कालवे घेऊन निघाले आणि वादळामुळे झिरोंदच्या खाडीत अडकले. माल नासला असे समजून तो पाण्यात फेकण्यात आला. त्यातली काही कालवे जिवंत होती! पुढे शतकभर फ्रेंच कालवशेतीवर या 'पोर्तुगीज' जातीचे राज्य होते. तिचे मूळही आशियाई असल्याचे जनुकीय अभ्यासांनी दाखवले आहे.

७/ १९७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत रोगाने तीही संपली. मग तिच्या जागी जपानी कालव आणवले गेले. आज फ्रान्समध्ये 'परंपरा' म्हणून जे खाल्ले जाते, ते बहुतांशी हेच. म्हणजे बर्गंडीचे द्राक्ष, डच मागणी, जपानी कालव. आणि शीर्षक 'भूमीची देणगी'.

८/ 'पण आंबट वाइन आणि खारट कालव हा चवीचा शाश्वत नियम नाही का?' झां-फ्रांस्वा द त्रुआ याने १७३५ साली व्हर्सायच्या राजवाड्यासाठी रंगवलेले कालवांच्या मेजवानीचे चित्र शांतिईच्या संग्रहालयात आहे. त्यात शँपेनचे बूच उडते आहे. एकोणिसाव्या शतकातल्या श्रीमंत मेजांवर तर कालवांबरोबर गोड सोतेर्न दिली जाई. आजच्या जाणकाराला ते ऐकूनच शहारे येतील. त्या काळच्या जाणकाराला नाही आले.

९/ रसायनशास्त्र इथे निरुपयोगी आहे असे नव्हे. वाइनमध्ये लोह अधिक असेल तर सागरी अन्नाबरोबर मासळीचा उग्र वास उमटतो, हे जपानी संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले. आंबटपणा खारटपणाला उठाव देतो, हेही खरे. पण जोडी रुचते का, याचे हे उत्तर झाले. जोडी जमली कशी, याचे नव्हे. दोन प्रश्नांची गल्लत करूनच असल्या कथा उभ्या राहतात. (उपवासाच्या साबुदाणा खिचडीला 'प्राचीन' म्हणणाऱ्यांनी कसावा, शेंगदाणा, मिरची आणि बटाटा यांचा मूळ खंड एकदा नकाशावर पाहावा.)

१०/ खरोखर स्थानिक जोडी हवीच असेल, तर ती समुद्रात नाही, नदीत आहे. नांतजवळ लुआरच्या काठी क्लेमांस लफव्र नावाची स्वयंपाकीण खानावळ चालवीत असे. बारीक चिरलेला गावठी कांदा व्हिनेगरमध्ये आटवून त्यात लोणी फेटून केलेल्या 'बर ब्लां' या सॉसचे श्रेय तिला दिले जाते. काळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा. तो सॉस नदीतल्या पाइक माशावर ओतायचा आणि सोबत थंड म्युस्कादे. लोण्याचा जडपणा ती आंबटपणाने कापते. या जोडीला वय आहे, गाव आहे आणि करणारणीचे नावही आहे.