थकव्याचा आकडा कोणाकडे?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून, पात्रे रंगवत खेळायच्या खेळात थकव्यालाही नियम आहेत. २०१४ च्या नियमावलीत त्याच्या सहा पायऱ्या होत्या: दुसरीला वेग निम्मा, सहावीला मृत्यू. २०२४ मध्ये हिशेब सोपा झाला. प्रत्येक पायरीमागे फाशाच्या निकालातून २ वजा. आठ तासांच्या विश्रांतीने जखमा सगळ्या भरून येतात, थकवा मात्र एकच पायरी उतरतो. जखमांचे गणित अशक्य, पण थकव्याचे बरोबर आहे. झोपेची थकबाकी एका रात्रीत फिटत नाही.

उणीव वेगळीच आहे. खेळाडूला आपला थकवा कागदावर दिसतो. शरीरात तसा आकडा नसतो. सलग १७ तास जागे राहिल्यावर हात आणि डोळ्यांचा ताळमेळ रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्याइतका बिघडतो, असे १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियन अभ्यासात आढळले. अशा वेळी ट्रकचालक असो वा निवासी डॉक्टर, ‘मला काही होत नाही’ असेच अनेकदा म्हणतो. म्हणून थकव्याचा आकडा खेळाडूऐवजी खेळ चालवणाऱ्याने जवळ ठेवावा. खेळाबाहेरही, थांबायचे कधी हे थकलेल्या माणसावर सोडू नये. त्याच्या पाळीचे तास दुसऱ्याने मोजावेत.