सर्व्हर चालू होता, पण कोणासाठी?

"सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." चोपड्याच्या सायबर कॅफेत, सेवा केंद्रात, रेशन दुकानात हे वाक्य आता "यंदा पाऊस नाही" म्हणावे तसे बोलले जाते. जणू निसर्गाचा कोप! जबाबदार कोणीच नाही. वैजापूरसारख्या सातपुड्यातल्या गावातून एका दिवसाची मजुरी बुडवून आलेला बाप मुकाट्याने परत जातो.

बांधवांनो, सर्व्हर हा देव नाही आणि त्याचे बंद पडणे हे नशीब नाही. ते मोजता येते. पान उघडायला किती सेकंद लागले, शंभरातल्या किती विनंत्या फसल्या, कोणत्या टप्प्यावर अर्ज तुटला, ओटीपी किती उशिरा आला, याची नोंद सॉफ्टवेअर स्वतः ठेवू शकते. बँका आणि ऑनलाइन दुकाने हे डोळ्यात तेल घालून बघतात, कारण ग्राहक गेला की पैसा जातो. महाडीबीटीवर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारा आमचा विद्यार्थी परत गेला, तर कोणाचे काय जाते? जाते ते फक्त त्याचे वर्ष.

यावर ठरलेले उत्तर येते: "पोर्टल ९९ टक्के वेळ सुरू असते." हिशेब करा. तीस दिवसांत ७२० तास. त्यातला एक टक्का म्हणजे सात तास बारा मिनिटे. हे सात तास नेमके शेवटच्या तारखेला आले तर? दुसरी फसवणूक सरासरीची. शंभरापैकी ९५ जणांचे पान दोन सेकंदांत उघडले आणि पाच जणांना एकेक मिनिट लागले, तरी सरासरी निघते ४.९ सेकंद. कागदावर सारे छान! ते पाच जण कोण? ज्यांच्याकडे जुना मोबाईल आहे, ज्यांच्या पाड्यावर एकच टॉवर आहे, ते. म्हणून जाणकार अभियंता सरासरीवर थांबत नाही. सर्वांत मागे राहिलेल्या पाच टक्क्यांना किती थांबावे लागले, हे तो वेगळे काढतो. शिवाय जी विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचलीच नाही, तिची सर्व्हरकडे नोंदही नसते. ती वापरणाऱ्याच्या मोबाईलवरच टिपावी लागते. मुंबईत बसून मुंबईचेच पोर्टल तपासले, तर ते चालूच दिसणार.

"सेवा सुरू आहे" या वाक्याचा खोटेपणा खानदेशाने फार पूर्वी पाहिला आहे. १९२९ साली अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खानदेशात आले होते. चाळीसगाव स्टेशनवर टांगे होते, टांगेवालेही होते. पण महाराला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. शेवटी टांगा भाड्याने घेऊन, टांगा हाकण्याचा सराव नसलेल्या आपल्याच एका माणसाने तो हाकला. पुलावर टांगा उलटला, बाबासाहेबांचा पाय मोडला. त्या दिवशीचा सरकारी अहवाल कोणी लिहिला असता, तर "टांगासेवा सुरळीत" असेच लिहिले असते. सेवा चालू होती का, हा प्रश्न अर्धा आहे. कोणासाठी चालू होती, हा पूर्ण प्रश्न आहे.

आणि शासनाला मोजता येत नाही असे मुळीच नाही. रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी १ जानेवारी २०२३ पासून मोबाईल ॲपवर सक्तीची झाली. दिवसातून दोन फोटो, तेही ठिकाणाच्या नोंदीसह. उन्हात खड्डा खणणाऱ्या बाईवर एवढा पहारा! ॲप अडकले तर खाडा तिचा. मग ॲपची हजेरी कोण घेणार?

यंत्रावर आंधळा विश्वास ठेवला की काय होते, ते ब्रिटनने पाहिले. तिथल्या पोस्ट खात्याच्या होरायझन संगणकप्रणालीने हिशेबात खोटी तूट दाखवली आणि ९०० हून अधिक पोस्टचालक गुन्हेगार ठरले. त्रास सांगणाऱ्यांना "तुमच्याशिवाय कोणाची तक्रार नाही" असे ऐकवले जाई. प्रणाली बनवणाऱ्या कंपनीकडे मात्र ज्ञात दोषांची नोंदवही होती. ती न्यायालयात उघडली गेली, तेव्हा २०१९ साली खरे काय ते बाहेर आले. नोंद कोणाच्या ताब्यात आहे, यावर न्याय ठरतो.

आपल्याकडे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहे. मुदतीत सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड आहे. पण ही मुदत सुरू होते अर्ज मिळाल्यापासून. अर्ज पोर्टलमध्ये शिरलाच नाही, तर घड्याळ सुरूच होत नाही. दार बंद ठेवायचे आणि वर म्हणायचे, कोणी आलेच नाही!

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक कल्याणकारी योजनेच्या पोर्टलने आपली गती, चुका आणि तुटलेले अर्ज तालुकावार दर आठवड्याला जाहीर करावेत. फसलेल्या प्रत्येक प्रयत्नाला तारीख-वेळेसह क्रमांक मिळावा, म्हणजे विद्यार्थ्याच्या हातात पुरावा राहील. पोर्टल जितका वेळ बंद, तितकी मुदत आपोआप वाढावी.

"यात लोकांची माहिती गोळा होईल" अशी भीती घातली जाईल. ती रास्त आहे, म्हणूनच नाव, आधार क्रमांक, जात यांपैकी काहीही नोंदू नका. योजना, तालुका, वेळ आणि चूक एवढे पुरे. पाळत यंत्रावर हवी, माणसावर नको. "खर्च परवडत नाही" हेही चालणार नाही. ओपनटेलिमेट्री, प्रोमिथियस, ग्राफाना ही साधने मोफत मिळतात.

माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ सांगते की शासनाने न विचारता माहिती प्रसिद्ध करावी. चोपडा विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे. इथे मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारा: गेल्या वर्षी आमच्या तालुक्यातून किती अर्ज मध्येच तुटले? आकडा नसेल, तर "सर्व्हर डाऊन" ही सबब आम्ही यापुढे ऐकून घेणार नाही.

जय भीम!