पाचवे पार्टिशन का होत नाही? दोष डिस्कचा नाही, तक्त्याचा!

कांदिवलीत चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतले छोटे कारखाने असोत की महावीर नगरमधली सीएंची कार्यालये, आठ-दहा वर्षांपूर्वीचे संगणक तिथे आजही कामात आहेत. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. कुणी विंडोज ११ कडे जायचे ठरवले, कुणी त्याच डिस्कवर लिनक्स टाकून पाहायचे. तिथेच गाडी अडते. डिस्कवर शेकडो जीबी मोकळे असतात, पण नवे पार्टिशन काही होत नाही. दुकानातला सल्ला ठरलेला, 'डिस्क जुनी झाली, नवी घ्या.' हा सल्ला घाईचा आहे. आधी डिस्कवरचा पार्टिशनचा तक्ता तपासायला हवा.

चारच का?

जुन्या पद्धतीचे नाव एमबीआर. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या कोडसाठी, २ बाइट सहीसाठी आणि उरलेले ६४ बाइट तक्त्यासाठी असतात. प्रत्येक नोंद १६ बाइटची, म्हणून नोंदी चारच. १९८३ मध्ये आयबीएमचा पीसी एक्सटी १० एमबीची डिस्क घेऊन आला, तेव्हा चार नोंदी म्हणजे चैनच होती.

पुढे चौथ्या नोंदीच्या जागी 'एक्स्टेंडेड' पार्टिशन करून त्याच्या पोटात लॉजिकल पार्टिशन ठेवण्याची वाट निघाली. पण बूट, सी, डी आणि कंपनीचे रिकव्हरी अशी चार प्रायमरी पार्टिशन आधीच भरली असतील, तर ही वाटही बंद. अशा वेळी विंडोज डिस्क 'डायनॅमिक' करू का, असे विचारते. न वाचता होकार देऊ नका. त्यानंतर त्या डिस्कवर दुसरी सिस्टिम टाकणे अवघड होऊन बसते.

१२८ हा आकडा कुठला?

नव्या जीपीटी पद्धतीत संख्या दगडावरची रेघ नाही. किती नोंदी आणि प्रत्येक नोंद किती बाइटची, हे तक्त्याच्या हेडरमध्येच लिहिलेले असते. तक्त्यासाठी किमान १६,३८४ बाइट राखून ठेवायचे असतात. १२८ बाइटच्या नोंदीने भागले की १२८ येतात, आणि विंडोज तेवढीच पार्टिशन देते. शिवाय तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते. एमबीआरला अशी प्रत नाही, आणि नेहमीच्या ५१२ बाइटच्या सेक्टरवर तो साधारण २ टीबीपुढची जागाही वापरू शकत नाही.

कसे तपासायचे?

विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट उघडा, 'डिस्क ०' वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधला व्हॉल्यूम्स टॅब पाहा. 'पार्टिशन स्टाइल'पुढे एमबीआर की जीपीटी ते दिसेल. लिनक्सवर जीपीटी डिस्क असेल तर जीडिस्क हे साधन तक्त्यात किती नोंदी मावतात तो आकडाच सांगते.

सिस्टिम असलेली एमबीआर डिस्क जीपीटी करायला विंडोज १० मध्येच 'एमबीआर टू जीपीटी' हे साधन आहे. डेटा न पुसता काम होते, पण अट अशी की प्रायमरी पार्टिशन जास्तीत जास्त तीन हवीत आणि एक्स्टेंडेड एकही नको. म्हणजे चौकट भरलेल्यांना आधी एक पार्टिशन रिकामे करावेच लागते. मदरबोर्ड यूईएफआय पद्धतीने सुरू होणारा आहे का, हेही पाहायला हवे. नाहीतर बदलानंतर संगणक सुरूच होणार नाही. आणि हात लावण्यापूर्वी बॅकअप, तोही दुसऱ्या डिस्कवर.

जीपीटी झाली म्हणजे विंडोज ११ मिळालेच, असेही नाही. टीपीएम २.० आणि मान्य यादीतला प्रोसेसर या अटी वेगळ्या आहेत. त्यात जुने यंत्र नापास होऊ शकते. पण ती अडचण डिस्कच्या माथी मारून ग्राहकाला नवी डिस्क विकणे योग्य नाही.

संगणक विकताना किंवा दुरुस्त करताना बिलावर रॅम आणि डिस्कची क्षमता लिहितात. त्याच ओळीत तक्ता कोणता आणि किती पार्टिशन भरली, हेही लिहायला हरकत काय? कारखानदाराची हिशेबाची फाइल आणि शाळेचे निकालपत्रक त्याच डिस्कवर असते. दुकानदार स्वतःहून लिहीत नसेल, तर ग्राहकाने मागून घ्यावे.