आधी श्वास, मग हात

ब्रिटनमध्ये शिकायला गेलेली आपली मुलं मे महिन्यात ऊन पडलं की समुद्र नाहीतर तळं गाठतात. हवा पंचवीस अंश, मग पाणी असून असून किती गार असणार? पण तिथला समुद्र फेब्रुवारी-मार्चमध्ये सर्वांत थंड असतो आणि त्याला ऊब यायला ऑगस्ट उजाडतो. वर्षाची सरासरी जेमतेम १२ अंश. पुण्याच्या टिळक तलावात नाहीतर मालवणच्या किनाऱ्यावर तासन्‌तास पोहलेल्यालाही हे पाणी सर्वस्वी नवं असतं.

१५ अंशांखालच्या पाण्यात एकदम उडी घेतली की अंग गार पडताक्षणी मोठा श्वास आपोआप आत ओढला जातो. तेव्हा तोंड पाण्याखाली असेल तर छातीत पाणी शिरतं. पाठोपाठ धाप लागते, नाडी आणि रक्तदाब चढतात. गारठून शुद्ध हरपायला निदान अर्धा तास लागतो. माणसं त्याच्या कितीतरी आधी, पहिल्या एक-दोन मिनिटांत बुडतात. त्यांत पट्टीचे पोहणारेही असतात. ‘मला पोहता येतं’ एवढ्या भरवशावर कुणी अशा पाण्यात उतरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हा धक्का सवयीने ओसरतो. दोन-तीन मिनिटांच्या पाच-सहा डुंबण्यांनी तो जवळपास निम्म्यावर येतो, असं पोर्ट्‌स्मथ विद्यापीठातल्या माइक टिप्टन यांच्या संशोधनातून दिसलं आहे. म्हणून सुरुवात उन्हाळ्याच्या शेवटी करावी आणि पाणी थंडावत जाईल तसं नेमाने जात राहावं. चालत उतरा, श्वास लांब सोडा, धाप बसल्याशिवाय हात मारू नका. चुकून पडलातच तर धडपडू नका. डोकं मागे टाकून, कान पाण्यात ठेवून उताणे तरंगा. हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

बाहेर आल्यावरही शरीराचं आतलं तापमान काही वेळ घसरतच राहतं. लगेच कोरडे कपडे, टोपी, गरम चहा. कडकडीत पाण्याची अंघोळ नको. कापरं थांबेपर्यंत गाडीही चालवू नका.

पुण्याचा रोहन मोरे २०१८ मध्ये ‘ओशन्स सेव्हन’च्या सातही सामुद्रधुन्या पोहणारा पहिला आशियाई ठरला. त्यातल्या इंग्लिश खाडीसाठी आधी १६ अंश किंवा त्याहून थंड पाण्यात सलग सहा तास पोहून दाखवावं लागतं. इतक्या तयारीच्या जलतरणपटूंनाही हा सराव चुकत नाही. तुम्ही एकट्याने उतरू नका. आणि पहिल्यांदा तर जीवरक्षक असेल तिथेच उतरा.